पहिलीचं प्रगतिपुस्तक: 'प्रगतीस वाव आहे' म्हणजे नेमकं काय?

शाईचाडाग:
मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. वाचन 'अ', गणित 'ब', लेखन 'क'. शेरा: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही. प्रगतीस वाव आहे.' पालकसभेत जेमतेम दहा मिनिटं मिळतात. यातून काय समजायचं आणि बाईंना काय विचारायचं?

खडूफळा:
आधी जन्ममहिना बघा. एकाच तुकडीत जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं असतात. सहाव्या वर्षी ते फार मोठं असतं, आणि सगळ्यात आधी दिसतं ते लेखनात.

'लेखन' या एका रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: अक्षराचं वळण, काना-मात्रा-वेलांटी आणि स्वतःचं वाक्य रचणं. 'क' यातल्या कशासाठी, हे विचारा. वही समोर घेऊनच विचारा. पहिल्या दोन ओळी नेटक्या आणि पुढे अक्षर ढेपाळत गेलेलं असेल तर हात थकतोय. रोज पाच मिनिटं, बोटभर लांबीची पेन्सिल देऊन बघा, पकड आपोआप चिमटीत येते. मात्रा पहिल्या ओळीपासूनच गळत असतील तर दहा-दहा पानं गिरवून घेण्यात अर्थ नाही. शब्द मोठ्याने, तोडून म्हणायला लावा आणि मग लिहू द्या. एखादं अक्षर किंवा अंक उलटा काढणं या वयात सर्रास दिसतं, त्याचा बाऊ नको.

वाचनातल्या 'अ'वरही लगेच खूश होऊ नका :) धडा पाठ असतो. न पाहिलेला उतारा द्या आणि 'असं का झालं असेल?' हे विचारा.

तिरकीरेघ:
मला खटकतो तो 'लक्ष देत नाही' हा शेरा. कधी? कोणत्या तासाला? कुठे बसते? फळ्यावरून उतरवताना चुका आणि पुस्तकातून उतरवताना नाहीत, तर डोळे तपासा. मागून हाक मारल्यावर ओ देत नसेल तर कान. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, म्हणून घरी शंकाही येत नाही. मधेच काही सेकंद टक लावून बसते, हात लावला तरी भानावर येत नाही, असं बाई म्हणाल्या तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

सव्वापाच:
वरच्या दोघांशी सहमत. एक भर: मागच्या वेळी 'ब' आणि आताही 'ब', म्हणजे मूल जागच्या जागी आहे असं नव्हे. दरम्यान अभ्यासक्रम पुढे सरकलेला असतो.

शाईचाडाग:
धन्यवाद, वही नेतेच. प्रगतिपुस्तक तिला दाखवावं का?

खडूफळा:
शेरा वाचून दाखवा, श्रेणी राहू द्या. रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात नुसता अभिप्राय मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. अभिप्रायासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. ती मुलं तुमच्या मुलीपेक्षा मोठी होती, पण गुण दिसले की बाकीचं कुणी वाचत नाही, हे पालकांनाही लागू आहे. 'लक्ष देत नाही' हे मात्र जसंच्या तसं वाचू नका. त्याऐवजी एकच काम सांगा: 'ओळ लिहून झाली की मात्रा तपासायच्या.'

आणि सभेच्या दोन दिवस आधी चिठ्ठी पाठवा, म्हणजे बाई वर्गातल्या वह्या काढून ठेवतील. नाहीतर दहापैकी चार मिनिटं कपाट शोधण्यातच जातात.