शरीर, रंग आणि शिल्प एकत्र: शेवटी भिंतीवर उरतं ते चित्र की नुसता डाग?

तिरकस:
शरीर हेच माध्यम मानणारे कलाकार एकाच कामात परफॉर्मन्स (म्हणजे लोकांसमोर केलेली कृती), चित्र आणि शिल्प असं सगळंच आणतात. माझ्या मते तिन्ही अर्धवट राहतात. कलाकार रंगात लोळतोय आणि लोक बघताहेत, तोवर ठीक. दुसऱ्या दिवशी तेच कापड भिंतीवर टांगतात, तेव्हा शेजारची अर्ध्या पानाची माहितीची पाटी वाचल्याशिवाय काही हाती लागत नाही. नाच संपल्यावर घुंगरांचं प्रदर्शन मांडल्यासारखं वाटतं.

कोराकागद:
सपशेल असहमत. जपानी कलाकार काझुओ शिरागा दोरीला लोंबकळून पायांनी रंगवायचे. त्यांच्या कॅनव्हासवर टाच कुठे रुतली, पाय कुठे घसरला, जाड रंगाची वळी कुठे ढकलली गेली, हे पाटीशिवाय दिसतं. १९५५ मध्ये टोकियोत ते चिखलाशी अक्षरशः झोंबले आणि तो तुडवलेला चिखल तसाच प्रदर्शनात राहू दिला. आता त्याला शिल्प म्हणा नाहीतर आणखी काही.

तिरकस:
शिरागा मान्य. पण ते मुळात चित्रकार, रंग कसा वागतो हे त्यांना ठाऊक होतं. फ्रेंच कलाकार ईव्ह क्लाईनचं काय? १९६०, पॅरिस. निळ्या रंगाने माखलेल्या विवस्त्र स्त्रिया कागदावर अंगाचे ठसे उमटवताहेत, वादक वीस मिनिटं एकच सूर धरून बसलेत, मग वीस मिनिटं शांतता. आणि साहेब औपचारिक पोशाखात सूचना देताहेत. शरीर दुसऱ्याचं, नाव ह्यांचं! ह्याला शरीरकेंद्री कला म्हणायचं?

अनवट:
हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तरही ह्याच परंपरेतून आलं. अमेरिकेतल्या जनीन अँटोनी ह्या कलाकार बाईने १९९३ मध्ये लंडनच्या एका गॅलरीत स्वतःचे केस केशरंगाच्या बादलीत बुडवून त्या केसांनीच फरशी पुसली. ओली फरशी वाढत गेली तसे प्रेक्षक मागे सरकत बाहेर. राबणारीही तीच आणि कर्तीही तीच. शिवाय भिंतीवर टांगायला काही नाही, त्यामुळे तुमच्या पाटीचा प्रश्नच मिटला.

ओलंप्लास्टर:
वाद चालू द्या, मी करून बघितलंय ते सांगते. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून हाताचा साचा घ्यायचा आणि पट्ट्या ओल्या असतानाच हात हलवत कागदावर रेषा ओढायच्या, असा बेत होता. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं हे वाचलेलं, पण आपल्याच कातडीवर ती ऊब चढायला लागली की जीव घाबरतो. व्हॅसलीन कमी लावलं होतं, काढताना मनगटावरची लव उपटून आली. आणि साचा? मनगटाशी तीन ठिकाणी तडकलेला. साच्यासाठी हात स्थिर हवा, रेषेसाठी हलायला हवा. ह्या कलांची मुळातच एकमेकींशी जुंपलेली असते, नुसत्या शेजारी बसवून भागत नाही. तो तडकलेला साचा मात्र मी फेकला नाही. कागदावरची रेषा जिथे अडखळलीय, तिथेच तो फुटलाय.

तिरकस:
हे पटलं. म्हणजे तडा हीच नोंद. पण ताई, कागद आणि साचा शेजारी ठेवल्याशिवाय ते कळणार कसं?

ओलंप्लास्टर:
नाहीच कळणार, शेजारीच ठेवायचे. जर्मन कलाकार रेबेका हॉर्नचा १९७२ चा पेन्सिलींचा मुखवटा बघा. चेहऱ्यावर पट्ट्यांची जाळी, गाठीगाठीवर पेन्सिल, आणि मान डावी-उजवी हलवत भिंतीवर रेघोट्या. नुसता ठेवलेला मुखवटासुद्धा बघितला की आपली मान आपोआप हलू बघते.

कोराकागद:
+१. तिरकसराव, ह्याला कोणती पाटी लागते?

तिरकस:
मुखवट्याला नाही लागत. रंगात लोळलेल्या कापडाबद्दलचं मत कायम आहे.