मल्टिबँड लावल्यावर आवाज फुगतो-बसतो, मदत हवी आहे (तातडीने)

अर्धा_ताल:
गाण्याचं मिक्स उद्या सकाळी द्यायचंय आणि दोन तास एकाच जागी अडकलोय. चार बँडचा मल्टिबँड (आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येक वेगळा दाबणारा कॉम्प्रेसर) लावला, प्रीसेट निवडला, आवाज मस्त भरदार झाला. पण ड्रम सुरू झाले की गायिकेचा आवाज पोकळ होतो, थांबले की फुगतो. रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४ वरून २ केला, तरी तेच. थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होतं ती पातळी) किती ठेवू तेवढं सांगा. थिअरी नको.

मधला_सा:
लावलाय कुठे? गायनाच्या ट्रॅकवर की मास्टरवर, म्हणजे अख्ख्या मिक्सवर? क्रॉसओव्हर (पट्ट्यांच्या सीमा) कुठे आहेत, गेन रिडक्शन (आवाज किती दबतोय) किती दिसतंय? ट्रॅकची लेव्हल माहीत नसताना थ्रेशोल्डचा आकडा कोण देणार?

लाउडनेसवाला:
मिक्स −१४ एलयूएफएसला (सरासरी मोठेपणाचं माप) आणा. स्ट्रीमिंगसाठी पुरेसं आहे.

मधला_सा:
अहो, प्रश्न तो नाहीये.

अर्धा_ताल:
मास्टरवर, आणखी कुठे! क्रॉसओव्हर १२०, ८०० आणि ५००० हर्ट्झ. खालच्या दोन बँडमध्ये काटा ९-१० डीबी खाली जातो. मेकअप गेन (दाबल्यावर परत वाढवलेला आवाज) +६.

मधला_सा:
मग सापडलं. १२० ते ८०० मध्ये तिच्या आवाजाचा गाभा आहे आणि स्नेअरचं अंगही तिथेच. स्नेअर पडला की अख्खा पट्टा दबतो, त्यात तीही दबते. कॉम्प्रेसरला गायिका कोण, ड्रम कुठला, हे काही कळत नाही. मास्टरवरून काढा. ठेवायचाच असेल तर १-२ डीबीच्या वर काटा हलू देऊ नका. आणि बायपासशी (प्लगइन बंद असतानाच्या आवाजाशी) तुलना सारख्या लेव्हलवर करा, +६ दिल्यावर काहीही भरदारच वाटतं.

सरळ_फेडर:
मल्टिबँड हवाच कशाला? डायनॅमिक ईक्यू (ठरावीक भाग गरजेपुरताच दाबणारा) घ्या. मल्टिबँडचे क्रॉसओव्हर काही दाबत नसतानाही फेज (लाटांची आपसातली वेळ) हलवतात.

मधला_सा:
फेज न हलवणारा लिनिअर फेज मोड असतो की.

सरळ_फेडर:
असतो ना. मग प्री-रिंगिंग (ठोक्याच्या आधीच येणारी झणझण) आणि लेटन्सीही (उशीर) पदरात घ्या.

जुना_टेप:
अवांतर: पट्टे पाडायची कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकातलं डॉल्बी ए टेपचा हिस (मागे सतत येणारी सरसर) घालवायला आवाजाचे चार पट्टेच पाडायचं. चालू द्या.

अर्धा_ताल:
मास्टरवरून काढून गायनावर लावला. ड्रमचा त्रास गेला! पण आता ओळ संपली की मागून हिस चढत येतो आणि पुढचा शब्द आला की गप्प बसतो. शिवाय हळू ओळींत आवाज बोजड वाटतो.

मधला_सा:
बोजडपणाचं आधी. हळू गाताना ती माइकच्या जवळ सरकली असणार. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक जवळून खालचा भाग वाढवतो. त्यासाठी फक्त सर्वांत खालचा बँड चालू ठेवा, क्रॉसओव्हर २५० च्या आसपास, ॲटॅक (दाबायला घेतलेला वेळ) २०-३० मिलिसेकंद. १ ठेवू नका. १०० हर्ट्झची एक लाटच १० मिलिसेकंदांची असते, तिच्या पोटातच गेन हलला की घरघर ऐकू येते.
हिससाठी सगळे प्लगइन बायपास करून नुसता ट्रॅक ऐका.

अर्धा_ताल:
बायपासलाही चढतोय!! कमी आहे, पण चढतोय.

सरळ_फेडर:
रेकॉर्ड कशावर केलं?

अर्धा_ताल:
कॅमेऱ्यात. माइक थेट कॅमेऱ्यालाच लावला होता. त्याने काय फरक पडतो?

सरळ_फेडर:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, राव. कॅमेऱ्याचा ऑटो गेन चालू होता. शांतता झाली की तो स्वतःच गेन चढवतो, शब्द आला की उतरवतो. हे फाईलमध्ये भाजून आलंय. तुमचा मल्टिबँड वर मेकअप देऊन तोच हिस आणखी उचलतोय.

मधला_सा:
एक्स्पांडर (हळू भाग आणखी हळू करणारा) लावून बघा.

सरळ_फेडर:
नको. हिस शब्दांच्या शेवटाइतकाच मोठा झाला असेल तर शब्दांच्या शेपट्या कापल्या जातील. कॉम्प्रेसरच्या आधी क्लिप गेन (तुकड्यागणिक लेव्हल), हाताने. मधल्या जागा फेड करा. वेळ असेल तर ऑटो बंद करून पुन्हा गाऊन घ्या.

अर्धा_ताल:
पुन्हा गाऊन घेणं शक्य नाही, ती गावाला गेली. ४३ तुकडे पाडलेत. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द अंगावर येतो, गेन उतरायच्या आधी निसटलाय बहुतेक, तो ३ डीबी खाली घेतोय. एक कडवं झालं, मल्टिबँड बंदच आहे आणि आवाज आधीपेक्षा बरा वाटतोय. बाकी दोन कडवी राहिलीत.

लाउडनेसवाला:
छान. एलयूएफएस किती आला?