बॅशआरसीत एलडी_लायब्ररी_पाथ लिहायची सवय मोडायला हवी की नको?

टर्मिनलकर: सोर्सवरून कंपाइल केलं, मेक इन्स्टॉल बिनबोभाट झालं, आणि प्रोग्राम चालवताच ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’, म्हणजे लागणारी लायब्ररी सापडत नाही. लगेच कुणीतरी सांगतं, बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) एक्सपोर्ट कर. माझा याला ठाम विरोध. मायनस एल हा पर्याय फक्त लिंकरला, म्हणजे बांधताना लायब्ररी जोडणाऱ्याला, रस्ता दाखवतो. चालवताना शोध घेतो तो लोडर, वेगळा गडी. फाइल /यूएसआर/लोकल/लिबमध्ये असेल तर डेबियनवर नुसतं सुडो एलडीकॉन्फिग (रूट हक्काने लोडरची नोंद ताजी करणं) पुरतं, कारण ती डिरेक्टरी शोधायच्या यादीत आधीच असते. फेडोरावर एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये त्या डिरेक्टरीच्या एका ओळीची फाइल टाकायची आणि मग तेच. बॅशआरसीतला पाथ मात्र त्या शेलमधल्या सगळ्यांना लागू. तिथे ओपनएसएसएलची वेगळी प्रत असली की गिट आणि कर्लही तीच उचलतात, मग बसा डोकं धरून.

होमडिरवाला: सुडो म्हणे! क्लस्टरवर आम्हाला रूट कोण देणार? सगळं होममध्येच बांधावं लागतं. क्लस्टरवरचं सॉफ्टवेअर निवडायला मॉड्यूल लोड केलं की तेही हाच व्हेरिएबल बदलतं.

टर्मिनलकर: मग बांधतानाच आरपाथ, म्हणजे बायनरीतच लिहिलेला लायब्ररीचा रस्ता, द्या, $ओरिजिन (बायनरी आहे ती डिरेक्टरी) वापरून. बायनरी आणि लिब सोबत हलवलं तरी चालतं. फक्त सिंगल कोट विसरू नका, नाहीतर शेल $ओरिजिन गिळून टाकतो. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा.

जुना_सोलारिसवाला: इतकं सोपं नाही हो. आजकाल बऱ्याच डिस्ट्रोंचा लिंकर आरपाथ मागितला तरी रनपाथ, म्हणजे त्याचा नवा प्रकार, लिहितो, आणि तो फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररींना लागू होतो. तुमच्या लायब्ररीला लागणारी तिसरी लायब्ररी त्याच फोल्डरात पडलेली असते, तरी ‘नॉट फाउंड’. रीडएल्फ मायनस डी लावून बघा एकदा, बायनरीत काय लिहिलंय ते दिसेल.

टर्मिनलकर: लिंकरला डिसेबल-न्यू-डीटॅग्ज द्या, जुना आरपाथ मिळेल.

जुना_सोलारिसवाला: मिळेल, पण तो एलडी_लायब्ररी_पाथच्याही आधी बघितला जातो. उद्या दुसरी आवृत्ती तपासायची तर पॅचएल्फ घेऊन बायनरीतला रस्ता बदलत बसा.

होमडिरवाला: म्हणून तर मी व्हेरिएबल रॅपर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये, ठेवतो, त्या एकाच प्रोग्रामपुरता.

टर्मिनलकर: रॅपरला माझी हरकत नाही, बॅशआरसीला आहे. तरी त्या प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रोसेसना तो वारशाने जातोच.

नवशिका_पण_हट्टी: माझ्या स्क्रिप्टमध्ये शेवटी ‘:$एलडी_लायब्ररी_पाथ’ असं जोडलंय. चालतंय की.

जुना_सोलारिसवाला: तो आधी रिकामा असेल तर शेवटी नुसता कोलन उरतो, आणि रिकामी जागा म्हणजे लोडरच्या लेखी चालू डिरेक्टरी. डाउनलोड्समध्ये उभं राहून चालवलंत तर तिथली .एसओ (लायब्ररी) फाइलही लोड होऊ शकते. एलडी_डीबग=लिब्ज लावून चालवा, कुठे कुठे डोकावतो ते सगळं छापून येईल.