हार्वर्ड टू-बी: एका फोटोत गडद, दुसऱ्यात जवळजवळ पांढरं. रंग कोणता धरायचा?

शेपटीचाक:
१/४८ प्रमाणात दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडातल्या हार्वर्ड टू-बी या शिकाऊ विमानाचं मॉडेल करायला घेतलंय. लढाऊ विमानांपेक्षा मला शिकाऊ विमानंच जास्त भावतात. स्पिटफायर किंवा हरिकेन हाती येण्याआधी हजारो पोरं हेच विमान जमिनीवर उतरवायला शिकली, आणि कपाटात मांडलेल्या मॉडेलांत तेच नेमकं नसतं. म्हणून हे नीट करायचंय, एका ठरावीक विमानाचं, त्याच्या खऱ्या क्रमांकासकट.

माझ्याकडे एकाच प्रशिक्षण शाळेतले दोन कृष्णधवल फोटो आहेत. दोन्हींच्या मागे फक्त १९४३ एवढंच लिहिलंय. पहिल्यात विमानाचं अंग इतकं गडद दिसतं की ते छद्मरंगातलं वाटावं. दुसऱ्यात, त्याच धावपट्टीवर, तसंच विमान जवळजवळ पांढरं. वाचलंय सगळीकडे एकच, की कॅनडातली शिकाऊ विमानं पूर्ण पिवळी असत. मग हे गडद विमान कुठलं? शाळेत दोन रंगांची विमानं होती का?

शिवाय किट टी-६जीचा, म्हणजे याच विमानाच्या नंतरच्या अमेरिकन आवृत्तीचा आहे. त्याची कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) चालेल का?

एकास_बहात्तर:
रंगाचं आधी सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. तुमची दोन्ही विमानं पिवळी असण्याची शक्यता फार मोठी आहे. फरक बहुधा फिल्ममध्ये आहे.

त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक आणि पॅनक्रोमॅटिक अशा दोन्ही फिल्म वापरात होत्या. ऑर्थोला लाल प्रकाश दिसतच नाही, आणि निळा सगळ्यात जास्त दिसतो. पिवळ्या रंगावरून निळा प्रकाश जवळपास परतत नाही, लाल आणि हिरवा परततो. त्यातला लाल वाया गेला की उरतो फक्त हिरवा. म्हणून झगझगीत पिवळं विमान फोटोत मळकट करडं उतरतं. पॅनक्रोमॅटिक फिल्म लालसुद्धा टिपते, त्यामुळे तिच्यावर तोच पिवळा उजळ येतो.

फिल्म कुठली होती हे फोटोच सांगतो. शेपटीच्या उभ्या पंखावरचे तीन पट्टे बघा. पुढचा, म्हणजे नाकाकडचा, लाल असतो, मधला पांढरा, मागचा निळा. हा क्रम तुम्हाला आधीच माहीत आहे, तेव्हा अंदाज करावा लागत नाही. लाल जवळजवळ काळा आणि निळा फिका दिसला, तर फिल्म ऑर्थो. निळा जास्त गडद आणि लाल त्याहून उजळ, तर पॅन. राउंडेलमध्येही (विमानावरच्या गोल राष्ट्रचिन्हात) हेच बघता येतं: मधला ठिपका लाल, बाहेरचं कडं निळं. विमानाच्या अंगाची छटा या दोन पट्ट्यांशी ताडून बघा, फोटोतल्या आभाळाशी किंवा जमिनीशी नाही.

फोटो स्कॅन करून काँट्रास्ट वाढवला असेल तर आधी मूळ प्रिंट बघा. वाढवलेल्या काँट्रास्टमध्ये लाल-निळ्याचा फरकच बुडतो.

वास्प१३४०:
कॅनॉपी चालणार नाही. टी-६जी ही जुनी विमानं १९४९ पासून नव्याने बांधून तयार केलेली आवृत्ती. तिच्या काचेवर पट्ट्या कमी आहेत. १९४३ च्या विमानाची काच बारीक चौकटींनी भरलेली असते, आणि मॉडेलवर नजर पहिली तिथेच जाते. व्हॅकफॉर्म कॅनॉपी (पातळ प्लास्टिक साच्यावर ओढून केलेली) मिळाली तर उत्तम, नाहीतर पारदर्शक डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यावर) रंग मारून त्याच्या पट्ट्या कापून चिकटवा.

दुसरं, एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणारी नळी. तो उजव्या अंगाला असतो. कॅनडातल्या बऱ्याच विमानांवर कॉकपिट गरम ठेवण्यासाठी मागे लांबवर जाणारी, आवरण घातलेली नळी बसवलेली दिसते. तुमचे फोटो डाव्या बाजूचे असतील तर त्यावरून काहीच कळणार नाही. त्याच शाळेतला उजव्या बाजूचा एक फोटो शोधाच.

पंखांची टोकं आणि रडरही (शेपटीच्या उभ्या पंखाचा हलणारा भाग) बघून घ्या. सुरुवातीच्या हार्वर्ड वनची टोकं गोलसर होती, टू पासून ती चौकोनी कापल्यासारखी झाली आणि रडरची मागची कड सरळ आली. टू-बी माँट्रियलच्या नूरडाइन कंपनीने बांधली, तेव्हा याच विमानाच्या अमेरिकन आवृत्तीचे, एटी-६ चे, फोटो सरळ उचलू नका.

क्रमांकाची उंची अशी काढा. विमान लांबीला साधारण २९ फूट, म्हणजे १/४८ मध्ये १८४ मिलिमीटर. अगदी बाजूने काढलेल्या फोटोत लांबी आणि आकड्यांची उंची मोजून प्रमाण लावा. तिरक्या फोटोवर हे करू नका, आकडे फसवतील.

एकास_बहात्तर:
क्रमांक वाचता आला की पुढचा शोध सोपा होतो. कॅनेडियन हवाई दलातल्या विमानांची नोंदपत्रं आणि शाळांच्या रोजनिश्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडामध्ये आहेत. विमान कुठल्या दिवशी कुठे आलं, कधी आपटलं, कधी मोडीत गेलं, हे त्या पत्रांवर असतं. एखाद्या कोरड्या ओळीत 'उतरताना पंख जमिनीला घासला' असं भेटतं, आणि मग ते मॉडेल हातातून खाली ठेववत नाही.

आज उडणाऱ्या दुरुस्त हार्वर्डचे रंगीत फोटो इंजिन, चाकांच्या खोबणी आणि रिव्हेटसाठी वापरा. रंगासाठी नको. त्यांच्यात वेगवेगळ्या आवृत्त्यांचे भाग मिसळलेले असतात आणि वरचा रंग आजच्या पद्धतीचा चकचकीत असतो.

शेपटीचाक:
भिंग लावून पाहिलं. गडद फोटोत पुढचा पट्टा काळा, मागचा फिका. दुसऱ्यात उलट. म्हणजे दोन्ही पिवळी! इतके दिवस मी दोन वेगळी विमानं समजून शोधत होतो. गडद फोटोतला क्रमांकही वाचता येतोय, फक्त शेवटचा आकडा मेकॅनिकच्या खांद्याआड आहे. त्या शाळेच्या रोजनिशीत जुळणारी विमानं शोधतो.

एकच राहिलं. पिवळा रंग नीट बसत नाही, कडांना प्लास्टिकचा करडेपणा डोकावतो. अस्तर पांढरं द्यावं का?

वास्प१३४०:
पांढऱ्यावर पिवळा थंड, लिंबासारखा दिसतो. फिकट गुलाबी अस्तर द्या, त्यावर पातळ थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. कॅनॉपीच्या पट्ट्यांवरही आधी तेच अस्तर, नाहीतर त्या अंगापेक्षा वेगळ्या दिसतील.