पावसाळी गटारांचा आराखडा आणि त्यावर राबणारी माणसं: मंजुरीआधी काय तपासावं?

प्रश्न: समितीसदस्य (उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं: उतार, हजेरीपट, झाकण_उघडण्याआधी)

महापालिकेच्या स्थापत्य समितीसमोर दोन विषय येत आहेत. एक, पावसाचं पाणी वाहून नेण्याचा तीस वर्षांचा आराखडा. दुसरा, गटारं साफ ठेवणाऱ्या पथकांची भरती: थोडी पदं कायम, बाकी काम कंत्राटावर. प्रशासनाने दोन्ही टिपणं वेगवेगळी पाठवली आहेत. समितीत अभियंता कुणी नाही. आराखड्यात कोणते आकडे मागायचे, आणि भरती-कंत्राट न्याय्य आहे की नाही हे कागदावरून कसं ओळखायचं?

उतार

आराखड्याची पानं शेकडो असली तरी सगळा डोलारा तीन आकड्यांवर उभा असतो: पावसाची तीव्रता, पाणलोटाचं क्षेत्र आणि पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून येतं तो गुणांक. तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं. तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये असेल तर उत्तर सेकंदाला घनमीटर असं येतं. ४० हेक्टर, ताशी ६० मिमी, गुणांक ०.५ धरा: ३.३३. मोकळ्या जागा काँक्रीटखाली गेल्या आणि गुणांक ०.८ झाला की ५.३३. पाऊस तेवढाच, पाणी ६० टक्के जास्त. म्हणून गुणांक आजच्या वस्तीचा धरलाय की तिसाव्या वर्षीच्या, हे आधी विचारा.

दुसरी चूक तीव्रतेत लपते. पाणलोटाच्या लांबच्या टोकाचं पाणी वीस मिनिटांत पोचत असेल, तर वीस मिनिटांच्या सरीची तीव्रता धरायला हवी. तासाभराची सरासरी धरली की आकडा लहान होतो, पाइप लहान बसतो आणि पहिल्या जोरदार सरीला चौक तुंबतो.

मग शेवटचं टोक बघा. नदीला पूर किंवा समुद्राला भरती असताना बाहेरचं पाणी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढत असेल, तर उताराचं गणित तिथेच कोलमडतं. त्या पातळीला हिशेब केलाय का, उलटं पाणी अडवायला झडप आहे का, झडप मिटलेली असताना आतलं पाणी कुठे साठणार, हे लेखी मागा. रस्त्याकडेच्या जाळ्या निम्म्या पाचोळ्याने बंद आहेत असं धरूनच मोजायच्या.

हजेरीपट

वरचं सगळं बरोबर, फक्त तो हिशेब स्वच्छ गटाराचा आहे. ९०० मिमी व्यासाचा काँक्रीट पाइप, ४०० ला १ उतार: पूर्ण भरून वाहताना सेकंदाला सुमारे ०.९० घनमीटर. तळाशी ३०० मिमी गाळ बसला की ०.५४. खोली एक तृतीयांश गेली, क्षमता ४० टक्के गेली. आराखडा साफसफाई गृहीत धरतो आणि साफसफाई माणसं करतात. म्हणून ही दोन टिपणं एकत्र वाचल्याशिवाय दोन्हींपैकी एकही मंजूर करू नका.

माणसांचा हिशेब असा मांडा. समजा जाळं १२० किलोमीटर आहे, पावसाआधी सगळं एकदा साफ व्हायला हवं, आणि जेटिंग यंत्रासह (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाळ सोडवणारं यंत्र) पाच जणांचं पथक दिवसाला ३०० मीटर उरकतं. म्हणजे ४०० पथक-दिवस. हाताशी कामाचे १०० दिवस असतील तर चार पथकं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण, यंत्राची दुरुस्ती धरली की पाच, म्हणजे २५ माणसं. टिपणात १२ च दिसली तर उरलेलं काम एकतर राहून जाईल, नाहीतर बिनपगारी जादा तासांत होईल. गाळ दरवर्षी येतो, त्यामुळे तेच काम 'हंगामी' ठरवून तीच माणसं वर्षानुवर्षं मुदतवाढीवर ठेवणं मला तरी समर्थनीय वाटत नाही.

निविदेलाही हीच फूटपट्टी लावा. ४०० गुणिले ५ म्हणजे २००० मनुष्यदिवस. त्याला लागू मजुरीने गुणा. भरपगारी सुट्ट्या, विमा, सुरक्षा साहित्य, यंत्र-इंधन मिळवा. त्याखाली आलेली बोली कामगाराच्या पगारातूनच भरून काढली जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४९ चा ९४ क्रमांकाचा करार याच विषयावर आहे: सार्वजनिक कंत्राटातली मजुरी त्या भागातल्या तशाच कामाच्या मजुरीपेक्षा कमी नको, आणि ती थकली तर कंत्राटदाराचं बिल अडवून कामगारांचे पैसे चुकते करता यायला हवेत. ही दोन कलमं निविदेच्या मसुद्यात आहेत का, पाहा.

बिल टनावर देऊ नका. ओला गाळ जड, त्यात राडारोडा मिसळला की आणखी जड. मीटरवर द्या, पण प्रत्येक चेंबरमध्ये आधी आणि नंतर पट्टीने गाळाची खोली मोजून. तेवढ्यानेही भागत नाही, कारण चेंबरलगतचे दोन मीटर लखलखीत आणि मधला पाइप तसाच, असं होतं. काही लांबी कॅमेऱ्याने तपासायची, आणि कुठली ते समितीने ऐनवेळी ठरवायचं.

झाकण_उघडण्याआधी

पथकांचा आकडा ठरवण्याआधी एक प्रश्न: किती चेंबरांत माणूस उतरावाच लागतो? यंत्र पोचत नाही अशी वळणं आणि अरुंद चेंबर आराखड्यातच बदलता येतात, तेव्हा तशी यादी मागा. माणूस आत न जाणं हाच पहिला पर्याय.

अगदी टाळता येत नसेल तेव्हाच उतरायचं, तेही असं. झाकण उघडून यांत्रिक वायुवीजन सुरू करायचं. मग वायुमापक दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून वाचन घ्यायचं, कारण वेगवेगळे वायू वेगवेगळ्या थरांत साठतात. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेत ज्या प्रमाणापासून स्फोट होऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १० भागांखाली. नाकावर भरवसा नको: हा वायू दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेला की वास येणंच बंद होतं. शिवाय गाळ ढवळला की तो नव्याने सुटतो. वर उभ्या माणसाने घेतलेलं पहिलं वाचन दहा मिनिटांनी खोटं ठरू शकतं, म्हणून मापक उतरणाऱ्याच्या छातीवर सतत चालू हवा.

माणसाला वर ओढून काढायला तिकाटणं (तिपाई) आणि चरखी, अंगात पट्ट्यांचा हार्नेस, आणि वर एक माणूस ज्याने कधीच आत उतरायचं नाही. या कामातले कितीतरी मृत्यू वाचवायला धावलेल्यांचे असतात. हे साहित्य निविदेत नगावर स्वतंत्र लिहा. 'सुरक्षेची जबाबदारी कंत्राटदाराची' या एका ओळीत ते बसवलं की साहित्य येतच नाही.

समितीसदस्य

मनापासून आभार. दोन शंका. कायम पदांसाठी '५० किलो उचलता आलं पाहिजे' अशी अट आहे. आणि पहिल्या टप्प्यातले वॉर्ड तक्रारींच्या संख्येवरून निवडलेत. हे योग्य आहे का?

हजेरीपट

वजनाची अट कामाच्या पद्धतीला जोडलेली हवी. झाकण एकट्याने हाताने उचलायचंच नसतं, त्याला चावी किंवा चुंबकी उचलयंत्र लागतं. ते साधन पुरवणं महापालिकेचं काम आहे. नाही पुरवलं तर पाठी मोडतात, आणि अटीमुळे बायका आधीच बाहेर पडतात. चाचणीत तेच साधन देऊन तेच काम करून घ्या. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, मुलाखत घेणाऱ्या तिघांनी चर्चेआधी स्वतंत्र गुण द्यायचे आणि ते कागद जपून ठेवायचे. आणखी एक तक्ता मागा: कुठल्या श्रेणीत कोण आहे. गाळ काढणारे सगळे एकाच समाजाचे आणि यंत्र चालवणारे दुसऱ्याच, असं दिसलं तर बढतीची वाट कुठे अडते ते शोधा. जाळ्या साफ करणाऱ्या बायका खालच्या श्रेणीत असतील तर कामाच्या मूल्याची तुलना करा. समान मूल्याच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन हे त्याच कामगार संघटनेच्या १९५१ च्या १००व्या कराराचं तत्त्वच आहे.

उतार

तक्रारींवरून नको. ज्यांना कार्यालयाचा रस्ता माहीत आहे त्यांच्याच तक्रारी पोचतात. पाण्याची खोली, किती तास साचतं, वर्षातून किती वेळा आणि किती घरांत शिरतं, या चार गोष्टींवर गुण द्या. खोली मोजायला विजेच्या खांबांवर दर १० सेंटीमीटरला रंगाचे पट्टे मारले तरी पुरतात. एक पावसाळा नोंदी ठेवा आणि मग यादी पुन्हा लावा. काम मात्र खालच्या टोकापासूनच सुरू करा: वरचा पाइप आधी मोठा केला तर खालच्या वस्तीत आजच्यापेक्षा जास्त पाणी शिरेल.