शब्दचर्चा : पुदिना ठेचायचा, चेचायचा, की आणखी काही?

परवा भाचीच्या वाढदिवसाला पोरांसाठी बिनदारूचा मोहितो केला. साहित्य अगदी साधं : प्रत्येक ग्लासाला पुदिन्याची 8-10 पानं, अर्ध्या लिंबाच्या चार फोडी, दोन चमचे पिठीसाखर, बर्फ आणि वरून गार सोडा. वहिनीला आवडला. म्हणाली, कृती मराठीत लिहून दे, शेजारणींना पाठवते. बसले लिहायला आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली. ‘ग्लासात पुदिना आणि लिंबाच्या फोडी घालून...’ पुढे काय? इंग्रजी कृतींत या क्रियेला ‘मडल’ म्हणतात. लाकडी दांड्याने दाबायचं, थोडं फिरवायचं, वास सुटला की थांबायचं. मी आधी ‘ठेचा’ लिहिलं, खोडलं. मग ‘कुटा’ लिहिलं, तेही खोडलं. तुम्ही काय लिहाल?

खलबत्ता : यात अडण्यासारखं काय आहे? ठेचा. आपल्याकडे मिरचीचा ठेचा होतो, पुदिन्याचाही होऊ दे.

आडवाटेची : नको हो. ठेचल्यावर मूळ वस्तूचं रूप उरत नाही. साप ठेचतात, मिरची ठेचतात. चहात आलं मात्र चेचून घालतात. आल्याचा तुकडा तुकडाच राहतो, फक्त मोडतो आणि रस सोडतो. दारात बोट सापडलं तर आम्ही ‘बोट चेचलं’ म्हणतो, कारण बोट जागेवर असतं (सुदैवाने). कुटणं कोरड्या वस्तूचं, म्हणून दाण्याचं कूट. वाटणं पाट्यावर, पाणी शिंपडत. ती झाली चटणी. माझं मत ‘चेचा’ला.

वऱ्हाडी पाटवडी : आमच्याकडे दारात बोट चेमटते, चेचत नाही. बाकी मुद्दा पटला.

रानफूल : चेचणंही जास्तच होतंय. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पोटात दडलेलं नसतं. ते पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. नुसता दाब पडला, पान थोडं घासलं गेलं, की वास मोकळा होतो. त्यापुढे हाणत बसलात तर पानातला हिरवा रस बाहेर येतो आणि पेयाला गवतासारखी कडवट चव लागते. लिंबाच्या फोडींचंही तेच. सालीतलं तेल हवं, पण सालीखालचा पांढरा भाग फार दाबला की कडू. म्हणून मी आधी फोडी नीट दाबून घेते, पुदिना मागून टाकते आणि बत्त्याने चार-पाच वेळाच दाबते. आता शब्दाचं बघू. अंगणातल्या तुळशीचं पान तोडून दोन बोटांत धरून वास घेतो, तेव्हा आपण काय करतो? पान चुरगळतो. तोच शब्द घ्या की!

हे वाचलं आणि मी लगेच लिहून टाकलं : ‘पुदिना हलक्या हाताने चुरगळा.’ पान अख्खं राहतं, फक्त त्याची घडी मोडते. इस्त्रीचा शर्ट आणि पुदिना, दोघांना एकच क्रियापद लागू पडावं याचीही गंमत वाटली.

व्याकरणाचा किडा : एक दुरुस्ती. शर्ट चुरगळतो, पान आपण चुरगाळतो. मरणे-मारणे, गळणे-गाळणे, जळणे-जाळणे, तसंच चुरगळणे-चुरगाळणे. बोलताना सगळे ‘कागद चुरगळला’ दोन्ही अर्थांनी म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण कृती लिहिताय तर ‘चुरगाळा’.

बरोबर. ‘चुरगाळा’ केलं.

ताकपिता : ‘मोहितो’ हा उच्चार कुठून काढलात? आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात ‘मोजिटो’ लिहिलंय, त्याच्या शेजारच्यात ‘मोजितो’.

पेय क्यूबाचं, हवानाचं, त्यामुळे शब्द स्पॅनिश. स्पॅनिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार ह आणि ख यांच्या मधला होतो आणि ‘टी’ मऊ असतो, आपल्या त सारखा. म्हणून मोहितो. तिथल्या मूळ पेयात पांढरी रम असते. पुदिन्याला ते ‘येर्बा ब्वेना’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘चांगली वनस्पती’. सॅन फ्रान्सिस्को शहराचं 1847 पर्यंतचं नावही येर्बा ब्वेनाच होतं, तिथल्या एका पुदिन्याच्याच कुळातल्या रानटी वेलीवरून. मोहितो या नावाबद्दल दोन-तीन मतं आहेत. ‘मोहो’ हे क्यूबातलं लसूण आणि आंबट फळाच्या रसाचं तोंडीलावणं, त्याचं लाडकं रूप ‘मोहितो’, हे त्यातलं एक. आपल्याकडे मात्र हा शब्द आयता क्रियापदासारखा दिसतो. जुन्या कवितेत ‘करितो’, ‘वरितो’ येतात तसा ‘मोहितो’. मला तर ‘मज मोहितो’ असंच ऐकू येतं.

ताकपिता : मग लिंग कोणतं? मोहितो प्यायलो की मोहितो प्यायलं?

व्याकरणाचा किडा : ‘प्यायलो’मध्ये पिणारा दिसतो, पेयाचं लिंग कळत नाही. ‘गार मोहितो’नेही काही उलगडत नाही. ‘चांगला मोहितो’ की ‘चांगलं मोहितो’ असं विचारा. फोटो, रेडिओ पुल्लिंगी, म्हणून मोहितोही पुल्लिंगी. सरबत, पन्हं, ताक नपुंसकलिंगी, पण त्यांच्या पंगतीत याला बसवायची गरज नाही.

एडिसनहून : मी न्यू जर्सीत राहते. इथे दुकानात पिवळं ‘लेमन’ आणि हिरवं ‘लाइम’ शेजारी शेजारी असतं. सवयीने मी पिवळ्याला लिंबू म्हणत आले, आणि सरबत कधी घरच्यासारखं होईना. आपलं पातळ सालीचं कागदी लिंबू ‘लाइम’मध्ये मोडतं; इथे ‘की लाइम’ नावाने बारकी मिळतात तीच जात. आपलं लिंबू पिकून पिवळं होतं, म्हणून ते ‘लेमन’ होत नाही. तेव्हा मोहितोच्या कृतीत ‘लाइम’ला मुद्दाम वेगळा शब्द शोधू नका, नुसतं लिंबू लिहा.

अगदी. शिवाय राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या लिंबाच्या एका वाणाचं नावच ‘साई शरबती’ आहे. आपलं लिंबू जन्मतःच सरबताच्या दिशेने निघालेलं आहे.

खलबत्ता : ‘लिंबाच्या फोडी’ यावर मात्र माझी हरकत. आमच्या गावात ‘लिंबाचा पाला’ म्हणजे कडुलिंबाचा. तिथल्या म्हातारीला ‘लिंबाचा रस घाला’ सांगितलं तर ती पाडव्याचा कडू रस काढेल.

व्याकरणाचा किडा : लिंब आणि लिंबू दोन्हींचं ‘लिंबाचा’ होतं खरं. वासरू-वासराचा, लेकरू-लेकराचा, तसं लिंबू-लिंबाचा. शहरात हल्ली ‘लिंबूचा रस’ ऐकू येतं. व्याकरणात बसत नाही, पण बोलणाऱ्याला घोटाळा नको असतो, हेही खरं.

घोटाळा लिंबात होत नाही, सोड्यात होतो. मागच्या उन्हाळ्यात मी धाकट्या जावेला फोनवर सांगितलं, ‘शेवटी सोडा घाल.’ तिने सढळ हाताने चमचाभर खायचा सोडा घातला. लिंबाच्या आंबटाशी गाठ पडताच ग्लासाचा ज्वालामुखी झाला, ओटा भिजला, आणि उरलेलं खारट, साबणासारखं पाणी तिच्या सासऱ्यांनी निमूटपणे अर्धं प्यायलं. तेव्हापासून मी ‘बाटलीतला सोडा’ लिहिते.

आडवाटेची : साखरेच्या पाकाचं काय? सगळे ‘शुगर सिरप’ म्हणतात.

पाक म्हटलं की माझ्या डोक्यात एकतारी, दोनतारी येतं. समान साखर आणि पाणी उकळून लगेच उतरवलं तर तारच येत नाही, म्हणून मी त्याला साखरपाणीच म्हणते. पण पिठीसाखर असताना तेवढाही खटाटोप नको.

रानफूल : आणि ‘व्हर्जिन मोहितो’? एका मेन्यूकार्डावर ‘कुमारी मोहितो’ वाचलंय मी.

‘बिनदारूचा’ म्हणा, बिनसाखरेच्या चहासारखं. नुसतं ‘पुदिन्याचं सरबत’ म्हणूनही चालेल. गंमत अशी की अरबीत ‘श-र-ब’ म्हणजे पिणे. त्याच धातूतून शराब आली, शरबत आलं आणि फिरत फिरत इंग्रजीतलं ‘सिरप’सुद्धा. दारू काढून टाकली तरी नातं सुटत नाही.

शेवटी वहिनीला पाठवलं ते असं : ‘ग्लासात लिंबाच्या फोडी आणि पिठीसाखर घालून बत्त्याने दाबा. मग पुदिना टाकून हलक्या हाताने चुरगाळा. बर्फ भरा, बाटलीतला सोडा ओता, चमच्याने एकदाच तळापासून वर आणा.’

दहा मिनिटांनी वहिनीचं उत्तर आलं : ‘छान. चुरगाळायचा म्हणजे मिक्सरला एकदाच फिरवायचा ना?’