७८च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं : घरगुती व्हिडिओसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका जुन्या भावगीतावर घरच्या घरी व्हिडिओ करतोय आणि निम्म्यात अडकलोय. गाण्याचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा गाण्यावर जाईल, मग गायिकेवर, मग कोणीतरी 'आमच्या वेळी' सुरू करेल आणि माझा प्रश्न राहील बाजूला. व्हिडिओ झाला की लिंक इथेच टाकतो.

एवढं सांगतो, की दहा इंची ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी आहे. पुढच्या बाजूचं गाणं रेडिओवर उदंड वाजलं, तुम्ही ऐकलेलं असणारच. मी म्हणतोय ते मागच्या बाजूचं. नेटवर मला कुठेच सापडलं नाही. माझ्या मते दोन्हींत हेच सरस. दुसऱ्या अंतऱ्यात संगीतकाराने वाद्यं थांबवलीत आणि बाई नुसता श्वास घेऊन पुढची ओळ उचलतात. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावणाऱ्या तबकडीत अशी मोकळी जागा सोडायला छाती लागते.

माझ्या टर्नटेबलला ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. म्हणून ४५वर वाजवून कॉम्प्युटरवर घेतलं आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७८ला नेला. गाणं आलं, पण पेटीवर धरून पाहिलं तर सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे लोंबकळतोय. खरखर काढायला गेलो तर बाई पाण्याखालून गातायत असं वाटायला लागलं, आणि तो श्वास पार पुसला गेला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच गायब!

आता चित्रांचं. गाणं पहाटेच्या नदीचं आहे आणि घर पंचवटीत, त्यामुळे गंगेवर जाऊन मोबाइलवर शूट करून आलो. (बाहेरच्यांसाठी : नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) रामकुंडावर फ्लेक्स, भोंगा किंवा पार्किंग येणार नाही असा कोन मिळणं कठीण. नारोशंकराची घंटा छान आली, पण गाण्यात देऊळच नाही. भाची म्हणते, शब्दाप्रमाणे चित्र लाव : दिवा आला की दिवा, नाव आली की नाव. मला ते नको आहे. शब्द ज्याचे त्याला दिसू देत. माझ्या मनात आहे तो एकच शॉट, मोबाइल स्टँडवर, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीजवळचं पाणी आणि हळूहळू होणारा उजेड. पण तीन मिनिटं एकच चित्र लोक बघतील का? की ओळी खाली लिहाव्यात?

शिवाय व्हिडिओ यूट्यूबवर खासगी ठेवून चढवून पाहिला तर कॉपीराइटचा दावा आला. घाबरून काढून टाकला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
सुई कुठली वापरलीत? एलपीची (३३च्या तबकडीची) असेल तर तिथेच घोळ आहे. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची १ मिलच्या आतली सुई खाचेच्या तळाशी बसते आणि तिथला कचरा वाचते. ७८ची सुई आणा, तबकडी धुऊन घ्या (स्पिरिट अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते), रेकॉर्डिंग स्टीरिओ करा आणि मग दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. सुईच्या वरखाली हलण्याचा बराच आवाज तिथेच कटतो. त्यानंतर फक्त टकटक काढा, सपाट खरखर राहू द्या. कान तिला दहा सेकंदांत विसरतो.
सुराचं म्हणाल तर अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के. तुमचा फरक त्याच्याही आत आहे. टर्नटेबल नेमकं ४५वर फिरतंय का ते आधी तपासा. जुन्या तबकड्याही सगळ्या काटेकोर ७८वर मुद्रित झालेल्या नसत.

प्रतिसाद :
दावा आणि स्ट्राइक (खात्यावर नियमभंगाची नोंद) या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात बहुतेकदा जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात आणि व्हिडिओ राहतो. खातं धोक्यात येतं ते ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर. तुम्हाला पैसे नकोच आहेत, मग घाबरायचं काय?
कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६२ची तबकडी असेल तर तो २०२२ अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे 'जुनं आहे, म्हणजे फुकट' असं समजू नका. आधी साल शोधा. लेबलवरचा नंबर घेऊन सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींना विचारा.

प्रतिसाद :
मी गंगापूर रोडचा. एकच शॉट ठेवा हो! फक्त बुधवारी जाऊ नका, बाजाराची मांडामांड पहाटेच सुरू होते. धरणातून पाणी सोडलं असेल त्या दिवशी तर नकोच, पाणी गढूळ आणि मारुती अर्धा बुडालेला. ओळी लिहू नका, कवी, संगीतकार, गायिका यांची नावं मात्र सुरुवातीलाच ठळक द्या.
आणि मोबाइलच्या व्हिडिओचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त होत राहतो. हँडब्रेक या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधून आधी तो स्थिर करून घ्या, नाहीतर एडिटिंगमध्ये आवाज आणि चित्र मागेपुढे सरकतात.

धागाकर्ता :
सुई एलपीचीच आहे! ७८ची मागवतो. नाशकात मेन रोड-रविवार कारंजा भागात कोणाकडे मिळत असेल तर सांगा, ऑनलाइनची वाट बघत बसायचा धीर नाही.